क्रियापद येईपर्यंत

तारकाकांना माणसं लक्षात राहत नाहीत, त्यांची वाक्यं राहतात. "तो येऊन गेला, ज्याचं वाक्य नेहमी मधेच सुटतं," असं ते ओट्यावरून ओरडून सांगतात आणि आत काकूंना बरोबर कळतं, की दूधवाल्याचा पोरगा पैसे मागायला आला होता. एका परिचितांच्या तेराव्याला ते माझ्या शेजारी बसले होते. गेलेल्या गृहस्थांच्या ऑफिसातला कोणी साहेब उठून इंग्रजीत चार शब्द बोलला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काका माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "पहिली दोन विशेषणं होती, तिसऱ्याला नाम घेतलं त्यानं. पॅरललिझम गेला रे."

पंचाहत्तरी ओलांडलेले, पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं, असे हे गृहस्थ उज्जैनच्या फ्रीगंजातल्या एका जुन्या घरात राहतात. नोकरी तारघरात झाली म्हणून तारकाका. मालव्यात शौक नसलेला माणूस शोधून सापडत नाही. कोणाला भांगेचा, कोणाला गाण्याचा, कोणाला शेवेचा. एक शेव म्हटली तर तिचे पाच प्रकार पुढ्यात घेऊन बसणारे लोक आहेत इथे. काकांना सबऑर्डिनेट क्लॉजचा आहे. तब्येतीला त्यातल्या त्यात निरुपद्रवी. ऐकणाऱ्याच्या तब्येतीचं मी बोलत नाही.

असल्या शौकिनांची ही जात एकेकाळी ग्वाल्हेर, देवास, इंदूर, उज्जैन या पट्ट्यातल्या मराठी वस्त्यांत गल्लीगणिक असायची. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला बस्तान बसवलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, आणि 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी उचलून ग्वाल्हेरला नेली. मागे राहिलेल्या मराठी घरांना एक गोष्ट मात्र पक्की कळली: गादी हलली तरी दफ्तर राहतं, आणि दफ्तराची भाषा ज्याला येते त्याची चूल पेटते. आधी मोडी, मग इंग्रजी. घरात मराठी, गल्लीत मालवी, शाळेत हिंदी आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर रेन अँड मार्टिन, अशी ही घरं. उज्जैनशी नातं असलेल्या मुक्तिबोधांच्या घरातले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले आणि त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीतले. "दोघांनी दोन भाषा वाटून घेतल्या," काका म्हणतात, "इंग्रजी राहून गेली, ती माझ्याकडे आली." हे ते अगदी गंभीरपणे म्हणतात.

रेन अँड मार्टिनचं ते व्याकरण 1935 चं. काकांची प्रत वडिलांकडून आलेली, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि 1924 मध्ये त्यांनी 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच फॉरिन लीजनची साहसकथा लिहून चांगलं नाव कमावलं होतं. हे मी एकदा काकांना सांगितलं, तर ते दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. ज्या हातानं अ‍ॅडव्हर्ब क्लॉजचे तक्ते आखले, त्या हातानं वाळवंटात गोळीबार करावा, हे त्यांना सोसेना.

सकाळी काका पोहे-जिलबी खायला निघतात. अंतर पाच मिनिटांचं, पण वाटेत पाट्या आहेत. महाकाल लोक झाल्यापासून, म्हणजे 2022 पासून, उज्जैनला यात्रेकरूंचा लोंढा लागलाय आणि त्यांच्यासाठी दर गल्लीत हॉटेलं, लॉज, होमस्टे उगवलेत. त्यांच्या इंग्रजी पाट्या काकांच्या वाटेवर उभ्या असतात आणि काका एकाही पाटीला उपाशी ठेवत नाहीत. एका लॉजच्या दारावर लिहिलं होतं: 'एंटरिंग द टेंपल, मोबाइल मस्ट बी स्विच्ड ऑफ.' काका थांबले. मीही थांबलो, कारण त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

"सांग, मंदिरात कोण शिरून राहिलंय?"

"भक्त."

"भक्त कुठे आहे वाक्यात? दाखव. कर्ता मोबाइल आहे. म्हणजे मंदिरात मोबाइल शिरतोय. याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात. धातुसाधित लोंबतंय आणि त्याचा मालक गायब." मग त्यांनी लॉजच्या मॅनेजरला बाहेर बोलावलं. मॅनेजर वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबूजी, आजकल तो मोबाइल ही दर्शन करने आता है. आदमी तो उसको पकड़ के लाता है." काकांनी पाटीकडे पुन्हा पाहिलं. असा बिनतोड बचाव रेन-मार्टिननं कधी कल्पिला नव्हता. त्या पोराला काका अजून 'विद्वान' म्हणतात.

देवास गेटजवळ एकदा गंमत झाली. आम्हाला जायचं होतं कालभैरवाला. ई-रिक्षावाला ओरडत होता: "महाकाल चलोगे, हरसिद्धि चलोगे, मंगलनाथ चलोगे, कालभैरव चलोगे!" मी बसायला पाय उचलला, तर काका डोळे मिटून उभे. त्यांनी बोट वर केलं. रिक्षावाल्याला वाटलं, भाव सांगून राहिलेत. काका म्हणाले, "ऐक. चर्चिलनं जून 1940 मध्ये पार्लमेंटात भाषण केलं, किनाऱ्यावर लढू, रस्त्यांवर लढू वगैरे. त्यानं पुनरावृत्ती ठेवली वाक्याच्या तोंडाशी. ती अ‍ॅनाफोरा. हा शेवटी ठेवून राहिलाय. ही एपिस्ट्रोफी. चर्चिलहून अवघड." मग रिक्षावाल्याला: "भिया, एक बार 'चलोगे' पहले लगा के बोलो."

"बैठना है?"

"बैठेंगे. पहले बोलो तो."

त्यानं बिचाऱ्यानं म्हणून दाखवलं: चलोगे महाकाल, चलोगे हरसिद्धि. ते ऐकून दुसऱ्या रिक्षावाल्यानं आमची गिऱ्हाइकी उचलली नाही, उलट तोही ऐकायला आला. "देखा?" काका विजयी मुद्रेनं म्हणाले, "जोर निकल गया ना?" तिघांचं यावर एकमत झालं. मधल्या वेळात दोन्ही रिक्षांच्या सवाऱ्या तिसऱ्यानं नेल्या.

या सगळ्याचं मूळ तारघरात आहे असं माझं मत आहे. काकांना ते मान्य नाही, पण ज्याचा रोग त्याला कुठे दिसतो. तार म्हणजे शब्दागणिक पैसे. 'द' काढा, 'इज' काढा, 'माय' काढा, 'प्लीज' तर सगळ्यात आधी काढा. काकांनी नोकरीभर खिडकीच्या आत बसून लोकांची वाक्यं छाटली. गावाकडून आलेला माणूस पाच ओळींचं दुःख घेऊन यायचा; काका पेन्सिलीनं खोडत खोडत ते त्याच्या खिशाला परवडेल एवढं करून द्यायचे. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' कर्ता आहे तिथे क्रियापदाचा पत्ता नाही, क्रियापद आहे तिथे कर्त्याचा नाही, स्वल्पविराम तर नाहीच, आणि तरी तारवाल्याची सायकल दारात वाजली की घरातल्या बायका पाकीट फोडायच्या आधीच रडायला लागायच्या. शुभेच्छांचा प्रकार तर आणखी वाईट. दिवाळी, लग्न, परीक्षा, सगळ्यांसाठी खात्यानं वाक्यं ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. गिऱ्हाइकानं फक्त आकडा लिहायचा. माणसं खिडकीशी यायची आणि भाचीच्या लग्नाचा आनंद एका आकड्यात सांगून पावती घेऊन जायची.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? निरोपसमारंभात त्यांनी आभाराचं भाषण इंग्रजीत केलं. ते एकच वाक्य होतं असं त्यांचे सहकारी अजून सांगतात. चहा फिरायला लागला तेव्हा 'दो' नं सुरुवात झाली. कप गोळा झाले, सामोसे संपले, एकदोघांची लोकल बस गेली, आणि मग कुठे मुख्य क्रियापद आलं. ते होतं 'थँक'. जुलै 2013 मध्ये सरकारनं तार कायमची बंद केली तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, जुने तारबाबू फोटोत डोळे पुसताना दिसले. मला वाटलं काकांनाही वाईट वाटलं असेल. काका म्हणाले, "भाषेचा कसाईखाना होता. बंद झाला ते बरं झालं," आणि पेपरातल्या बातमीची पहिली ओळ लाल पेनानं दुरुस्त करायला घेतली.

काकांच्या मते इंग्रजी वाक्यं दोन वर्णांत जन्मतात. एक लूज: मुख्य गोष्ट आधी सांगून मोकळं व्हायचं आणि मग शेपूट सोडत बसायचं. दुसरं पिरियॉडिक: अटी, सबबी, काळ, वेळ, कारण, सगळं आधी रचायचं, ऐकणाऱ्याचा श्वास वर अडकवून ठेवायचा आणि अगदी शेवटी क्रियापद टाकून त्याला मोकळं करायचं. पहिलं पोस्टकार्ड लिहिणाऱ्यांचं, दुसरं सभ्य माणसांचं. आणि मराठी माणूस जन्मजात दुसऱ्या वर्णातला, कारण आपलं क्रियापद मुळातच शेवटी येतं. "इंग्रजाला जे जमवायला ऑक्सफर्डला जावं लागतं," काका म्हणतात, "ते आपली म्हातारी ओट्यावर गहू निवडता निवडता करते." यात तथ्य आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वडिलांच्या हातचं जॉन्सनचं 'रासेलस' पुरं केलं आणि 1874 पासून निबंधमाला चालवली, तेव्हा मराठीत जॉन्सन-मॅकॉलेच्या घाटाची तोललेली लांब वाक्यं आली, आणि मराठीला ती लगेच मानवली. अंगातच होतं, सदरा तेवढा नवा. मराठीला विरामचिन्हं लावायची खटपट मेजर कँडींची. त्यांचा फोटो मिळाला असता तर काकांनी तो गणपतीशेजारी लावला असता.

नेहरूंचं 14 ऑगस्ट 1947 च्या रात्रीचं भाषण काकांना तोंडपाठ आहे. त्यातलं मध्यरात्रीच्या ठोक्याचं वाक्य ते शिकवणीच्या पोरांना फळ्यावर फोडून दाखवतात: आधी वेळ, मग झोपलेलं जग, आणि भारत उठतो तो अगदी शेवटी. लोक या वाक्यात एक खोट काढतात, की दिल्लीत मध्यरात्र होती तेव्हा लंडन-न्यूयॉर्कला दिवस होता, जग झोपलं कुठे होतं? काका ती खोट उडवून लावतात. त्यांची तक्रार वेगळी आहे. जुन्या ज्योतिषाचं मध्यरेखेचं गाव उज्जैन. इथून वेळ मोजायची रीत. भारताची प्रमाणवेळ ठरली साडेब्याऐंशी रेखांशावर आणि उज्जैन आहे पावणेशहात्तरच्या जरासं पुढे. हिशेब करा: सत्तावीस मिनिटं. म्हणजे दिल्लीत मध्यरात्रीचे ठोके पडले तेव्हा उज्जैनच्या स्वतःच्या वेळेनं साडेअकरा वाजून तीनच मिनिटं झाली होती. "पंडितजींचं वाक्य उत्तम," काका म्हणतात, "फक्त उज्जैनला ते लवकर पोचलं." यासाठी ते पाहुण्यांना जयसिंगाच्या वेधशाळेत नेतात, सम्राट यंत्राच्या सावलीवर बोट ठेवतात आणि स्थानिक वेळेची प्रमाणवेळ करायचा तिथला तक्ता वाचून दाखवतात. पाहुण्यांची इंदूरची गाडी यात एकदा तरी चुकतेच, आणि ती कुठल्या वेळेनं चुकली यावर परत येताना चर्चा होते.

फॉर्स्टर हा काकांचा दुसरा देव. ई. एम. फॉर्स्टर 1912-13 मध्ये हिंदुस्थानात आला, देवासला आला, उज्जैन पाहून गेला आणि त्यानं विक्रमादित्याच्या नवरत्नांवर एक छोटा मिश्किल निबंध लिहिला. तो पुढे 'अ‍ॅबिंजर हार्वेस्ट' या 1936 च्या पुस्तकात आला. 1921 मध्ये तो पुन्हा आला आणि देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. म्हणजे केंब्रिजचा हा कादंबरीकार आपल्या मराठी दरबारात, आपल्या गोकुळाष्टमीच्या गुलालात, उज्जैनपासून दोन तासांच्या आत! काकांचा सिद्धांत असा, की वाक्य अडवून धरायची कला साहेब देवासला शिकला. पुरावा काय? 'अ पॅसेज टू इंडिया' या 1924 च्या कादंबरीचा पहिलाच शब्द 'एक्सेप्ट' आहे. जे बघण्यासारखं ते अपवादात घालून आधीच बाजूला ठेवलं, आणि गावाचं नाव घेईपर्यंत वाचकाला रखडवलं. "दरबारी मराठी आहे ही," काका टेबलावर थाप मारून सांगतात. "मामलेदाराला अर्ज लिहिताना असंच लिहीत."

खरी गोष्ट अशी, की कादंबरीची सुरुवात त्यानं आधीच केली होती, ती प्रकरणं तो देवासला बरोबर घेऊन आला आणि इथे ती काही पुढे सरकेनात. बाग, मोटारी, टेनिस कोर्ट, पाहुण्यांचा बंगला असली खाती त्याच्या गळ्यात पडली होती. कादंबरी पुरी झाली ती विलायतेला परत गेल्यावर. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ! मालव्यात त्याचं वाक्य अडलं, आणि क्रियापद मिळालं घरी जाऊन. म्हणजे सगळी कादंबरीच पिरियॉडिक." या माणसाशी वाद घालायला जीव आणि जिलबी दोन्ही मुबलक लागतात.

शिकवणीला मात्र काका फर्मास. पोरं हिंदी माध्यमाची, बापांना वाटतं इंग्रजी सुधारावं, काका त्यांना भलतंच शिकवतात. कायॅझम शिकवताना केनेडीचं 1961 चं भाषण सांगितलं, देशानं तुमच्यासाठी आणि तुम्ही देशासाठी, ते पोरांच्या डोक्यावरून गेलं. मग काका म्हणाले, "जगण्यासाठी खा, खाण्यासाठी जगू नका. बघा, शब्द तेच, उलटे बसवले." एक पोरगी उठून म्हणाली, "सर, पर ये दूसरावाला तो अपने यहाँ गलत है." इंदूरच्या सराफ्यात रात्री एक वाजता गराडू खाणाऱ्या नातेवाइकांच्या मुलीला तुम्ही काय सांगणार? काकांनी ते उदाहरणच काढून टाकलं.

झ्यूग्मा शिकवायची त्यांची रीत मी कुठल्याही पुस्तकात पाहिली नाही. एका क्रियापदाच्या खुंटीला दोन न जुळणाऱ्या गोष्टी अडकवायच्या, तो हा अलंकार. पोपसारख्या कवीनं राणीचं सल्ला घेणं आणि चहा घेणं एकाच क्रियापदावर भागवलं, त्याचं इंग्रज अजून कौतुक करतात. काका म्हणतात, यात कौतुक कसलं? फळ्यावर लिहितात: 'त्याने सकाळी पोहे, दुपारी पैसे आणि संध्याकाळी मार खाल्ला.' मग खाली आणखी एक: 'शपथ, हवा, चक्कर, भाव, डोकं.' "सगळं आपण खातो. एका क्रियापदावर अख्खं गाव जेवतं." भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच सांगितलेत, त्यात दीपक आहे, एका जागी ठेवलेला दिवा साऱ्या घराला उजेड देतो तो दीपक. "साहेबाच्या झ्यूग्माचा हा आजा," असं म्हणून काका खडू खाली ठेवतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, त्यासाठी मी त्यांची बाकीची सगळी छळणूक माफ करत आलोय.

त्यांचा पराभव करणाऱ्या शक्ती या जगात दोन. पहिली नातवाचा लॅपटॉप. नातू पुण्याला नोकरी करतो, सुट्टीत आला होता. काकांनी आपला एक लेख त्याच्याकडून टाइप करून घेतला. पडद्यावर काकांच्या वाक्याखाली निळी रेघ उमटली. "हे काय?" नातू म्हणाला, "आबा, सेंटेन्स फार लांब आहे म्हणतंय. तोडा म्हणतंय." काका चष्मा कपाळावर नेऊन पडद्याजवळ गेले. "कोण म्हणतंय?" "कॉम्प्युटर." काकांनी पुढची दहा मिनिटं त्या यंत्राला सेमीकोलन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग नातवानं दुसरं काही तरी उघडलं, तिथे नुसतं विचारलं की सगळा लेखच नव्यानं लिहून मिळतो. लिहून आला. छोटी छोटी वाक्यं, प्रत्येक ठिकाणी तीन तीन गोष्टींची रांग, शेवटी एक सुविचार. काकांनी तो शेवटपर्यंत वाचला. "आकड्यावरच्या शुभेच्छा आहेत या," म्हणाले आणि उठून गेले.

दुसरी शक्ती काकू. काकू बोलतात ती सगळी वाक्यं साधी. कर्ता, क्रियापद, कधी कधी नुसतं क्रियापद. "जेवा." "उठा." "तूप संपलं." कौतुक करायचं तर "वाईट नाही झालं," एवढंच, यावर काका खूश होऊन "लायटोटीझ!" म्हणतात आणि काकू "तेच ते" म्हणतात. एकदा गॅसची टाकी स्वयंपाकात अर्ध्यावर संपली. काकूंनी आतून सांगितलं, "गॅस संपला." काका मला म्हणाले, "बघ, दोन शब्द, अकर्मक क्रियापद, भूतकाळ. याच्यात एक अख्खी शोकांतिका आहे, पण ही तिचा विस्तार करत नाही." विस्तार त्यांनी केला. टाकी मी आणली.

नवरत्नांत काकांचा लाडका कालिदास नाही, तो त्यांना फार लोकप्रिय वाटतो. मेघाला उत्तरेला जायचं असताना वाट वाकडी करून उज्जैनला पाठवलं, हे एक पॅरेंथेसिसचं काम तेवढं त्यांना मान्य आहे. त्यांचा लाडका घटकर्पर. यमकांचं छोटंसं काव्य रचून यानं शेवटी पण केला, की यमकात मला जो हरवील त्याच्या घरी मी फुटक्या खापरानं पाणी भरीन. यावरूनच त्याचं नाव पडलं. आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, वक्ता आयत्या वेळी आला नाही म्हणून, काका या विषयावर बोलले आणि शेवटी भरात येऊन त्यांनीही पण केला: वाक्य रचण्यात मला जो कोणी मात देईल, त्याच्या घरी मीही फुटक्या मडक्यानं पाणी भरीन. टाळ्या पडल्या. काकू तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ऐकून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीचा नळ बंद पडला. टँकर येईना. काका अर्ज लिहायला बसले. दोन दिवस बसले. मला वाचून दाखवला तो पावणेदोन पानी होता आणि त्यात पूर्णविराम एक होता. आरंभ अवंतिका नगरीपासून. मग शिप्रेचं माहात्म्य. मग, आणि हे ओघानं आलं असं काकांचं म्हणणं, 2014 मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी चढवून शिप्रेत कसं सोडलं. मग 2016 चा सिंहस्थ, मग 2028 चा येऊ घातलेला. मग एवढ्या सगळ्या पाण्याच्या पार्श्वभूमीवर, शेवटच्या ओळीत, आमच्या गल्लीचा नळ. क्रियापद त्याच्याही नंतर. "संबंधित अधिकारी वाचत वाचत येईल," काका म्हणाले, "आणि त्याचा घसा आपोआप कोरडा पडेल. तिथे मी त्याला नळ दाखवतो." संबंधित कचेरीतून आठवड्याभरात उत्तर आलं. सिंहस्थाच्या नियोजनाबद्दल बहुमूल्य सूचना पाठवल्याबद्दल आभार मानले होते.

काकूंनी ते उत्तर वाचलं नाही. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या पोरीला हाक मारली, कोरड्या नळाखाली रिकामी बादली ठेवून फोटो काढवला आणि त्याखाली लिहायला सांगितलं: 'गली में पानी नहीं. आठ दिन.' तो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं येऊन रस्ता खणून गेली आणि संध्याकाळी नळाला पाणी आलं.

मी तेव्हा तिथेच होतो. काकांनी पोरीकडून फोन मागून घेतला, चष्मा पुसला आणि तो मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला, खिडकीच्या आत बसून सरकायचा तसा. "सहा," ते म्हणाले. "'में' कशाला? तो काढायचा. आणि 'गली' पण फुकटची आहे. तिच्याशिवाय चाललं असतं. चार शब्दांत बसत होतं."

"गली काढली असती," काकू आतून म्हणाल्या, "तर पाणी कुठे आलं असतं?"

काका गप्प झाले. रेन-मार्टिन फळीवर होतं, ते तिकडे गेले नाहीत. काकू बाहेर आल्या त्या हातात कळशी घेऊन. चांगली होती, पितळेची, कुठे फुटलेली नव्हती. "मडकं काही घरात नाही," त्या म्हणाल्या. "हिनं भरा. चार खेपा."